रापणीची दोरी आणि पाहुण्याचा हात

दिवाळीची सुटी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग आता घाट उतरून कोकणाकडे वळते. एका पिढीपूर्वी कोकणात जाणे याचा अर्थ गावी जाणे असा होता. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आंब्या-फणसांच्या दिवसांत चाकरमानी घरी येत असे आणि गाव त्याला त्याच्या बापाच्या, आज्याच्या नावाने ओळखत असे. आता कोकणात ज्यांचे कोणीही नाही अशी हजारो कुटुंबे केवळ समुद्र पाहण्यासाठी येथे येतात. त्यात वावगे काहीच नाही. आपल्याच प्रदेशाचा आपल्याला परिचय नसावा, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या गावात आपण दोन रात्री राहून येतो, त्या गावाचे आपण कोण लागतो? गिऱ्हाईक, की पाहुणे? वरवर शब्दांचा वाटणारा हा भेद किनाऱ्यावरच्या गावांच्या भवितव्याशी निगडित आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती या लहानशा गावाच्या निमित्ताने त्याचा विचार करावयास हवा.

निवती वेंगुर्ले तालुक्यात आहे. कुडाळ स्थानकावर उतरून परुळ्याच्या वाटेने किनारा गाठावा लागतो. माड-पोफळींतून जाणारा अरुंद रस्ता, एका बाजूस काजूची डोंगरउतरण आणि अखेरच्या वळणावर एकाएकी उघडणारा निळा समुद्र. उत्तरेस भोगवेचा लांबलचक किनारा आणि कर्ली नदीचे मुख. नदीपलीकडे देवबाग, तारकर्ली, मालवण. निवतीचा स्वतःचा किनारा मात्र आटोपशीर आहे. चंद्रकोरीसारखी वाळूची पट्टी, तिच्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, मागे कौलारू घरे आणि उन्हे कलली की सोन्यासारखे पिवळे-तांबूस दिसणारे खडक. टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत. परंपरा या किल्ल्याचे नाते शिवकाळाशी जोडते. सावंतवाडीकर, पोर्तुगीज असे धनी पाहून १८१९ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. बुरुजावर उभे राहिले की दूर समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आणि त्यावरचे दीपगृह दिसते. हीच ती ‘वेंगुर्ला रॉक्स’ नावाने पक्षितज्ज्ञांना ठाऊक असलेली बेटे. त्यांच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात. परदेशी बाजारात या घरट्यांना मोठी किंमत येते, म्हणून एके काळी येथून त्यांची चोरी होत असे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने ती चोरी उजेडात आणून तिला आळा घालण्यासाठी चिकाटीने काम केले.

हे सारे सौंदर्य आपण डोळे भरून पाहतो, छायाचित्रांत साठवतो आणि परततो. परंतु या चित्रातील होड्या शोभेसाठी ठेवलेल्या नाहीत आणि वाळूवर पसरलेली जाळी छायाचित्रकारासाठी मांडलेली नाहीत. हा किनारा म्हणजे एका समाजाचे शेत आहे, खळे आहे आणि बाजारही आहे. गाबीत समाजाच्या पिढ्या या वाळूवर जगल्या. मराठ्यांच्या आरमाराला दर्यावर्दी पुरविणाऱ्या समाजांत या समाजाची गणना होते. ज्यांच्या पूर्वजांच्या जोरावर सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात भर समुद्रात उभा राहिला आणि नांदता राहिला, त्यांचे वंशज आज कसे जगतात, याची चौकशी किल्ला पाहणाऱ्यांपैकी कितीजण करतात?

ही चौकशी करू इच्छिणाऱ्याने येथे रापण पाहावी. पावसाळा सरला, समुद्र निवला की बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे यांचे थवे किनाऱ्याजवळ येऊ लागतात. अनुभवी नजरेला पाण्याच्या रंगावरून, पृष्ठभागाच्या थरथरीवरून, घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून थव्याचा अंदाज येतो. मग जाळ्याच्या एका टोकाची दोरी किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडते आणि दुसरे टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. त्यानंतर खरे काम सुरू होते. दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि एका लयीत, एका हाळीवर, पावलापावलाने मागे सरत ते अवाढव्य जाळे ओढू लागतात. यात तरुण असतात, तसे साठी उलटलेलेही असतात. तास-दोन तास असे ओढल्यावर जाळ्याचा खोळ वाळूवर येतो. कधी त्यात रुपेरी मासळीची रास असते, तर कधी मूठभर मासे आणि शेवाळ.

रापण हे नाव जाळ्याचे आहे, तसेच ते एका व्यवस्थेचेही आहे. एवढे जाळे, एवढी होडी आणि एवढे मनुष्यबळ एका माणसाच्या खिशाला झेपणारे नाही. म्हणून ती संघाची असते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. काही जाळ्याचे, काही होडीचे, बाकीचे राबणाऱ्या हातांचे. वाटे ठरलेले असतात, त्यात कोणाची मर्जी चालत नाही. जो नुसता दोरीला हात लावायला आला, त्याच्याही पदरात कालवणापुरते मासे पडतात. घरात कमावता पुरुष उरला नाही अशी बाई टोपली घेऊन उभी राहिली, तर तिला रिकाम्या हाताने परत पाठविण्याची किनाऱ्याची रीत नाही. कोणत्या दिवशी कोणत्या संघाने जाळे टाकायचे, याचेही नियम आहेत आणि ते कोठल्याही राजपत्रात छापलेले नसून पाळले जातात. सहकार हा शब्द कायद्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या समाजात सहकार होता, हे आपण भाषणांतून सांगतो. त्याचे जिवंत रूप पाहायचे असेल, तर ते या वाळूवर आहे. श्रमाला मान, वृद्धाला काम आणि निराधाराला वाटा देणारी ही व्यवस्था कोणत्याही सरकारी योजनेशिवाय शतकानुशतके टिकली.

थवा किनाऱ्याला पोहोचतच नाही

रापणीचा एक मूलभूत नियम आहे. ती मासळीचा पाठलाग करीत नाही; मासळी किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच तिला मिळते. आणि नेमके येथेच तिचे मरण ओढवले आहे. गेल्या काही दशकांत पर्ससीन नावाचे जाळे कोकणच्या समुद्रात स्थिरावले. बटव्याची नाडी ओढावी त्याप्रमाणे ते थव्याभोवती गोल टाकून खालून आवळले जाते आणि संपूर्ण थवा एका वेळी उचलला जातो. पुढे त्यात प्रखर एलईडी दिव्यांची भर पडली. रात्रीच्या काळोखात जनित्रावर दिवे पेटवायचे, उजेडाकडे धावून येणारी लहानमोठी सारी मासळी एकत्र करायची आणि घेरायची. याशिवाय परराज्यांतील वेगवान ट्रॉलर येऊन समुद्र खरवडून जातात, ही सिंधुदुर्गातील मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. जो थवा किनाऱ्यावरच्या शे-पन्नास घरांत वाटला गेला असता, तो वाटेतच एका नौकेच्या पोटात जातो. किनाऱ्यावरची माणसे दोरी घेऊन उभी राहतात. जाळ्यात मात्र पाणी येते.

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातील मासेमारीचे नियमन हा राज्याचा अधिकार आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि परवानाधारक नौकांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने आपला जुना कायदा सुधारून लाखो रुपयांच्या दंडाची तरतूद केली. २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरविण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. म्हणजे कागदावर समुद्र सुरक्षित आहे. परंतु किनाऱ्यावरच्या माणसाला रात्री क्षितिजावर उजेडाची रांग दिसते, तेव्हा त्याला या कागदाचा अर्थ कळेनासा होतो. एवढ्या लांब किनाऱ्यावर गस्ती नौका मोजक्या, मनुष्यबळ अपुरे आणि पकडलेल्या नौकेचे प्रकरण चालायला लागणारा काळ मोठा. कायदा करणाऱ्या राज्याची खरी कसोटी त्याच्या अंमलबजावणीत लागते. ती येथे लागायची आहे.

येथे एक दक्षता घ्यावयास हवी. पर्ससीनवाला म्हणजे कोणी परका शत्रू, असे चित्र रंगविणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. त्यातील कित्येक आपल्याच किनाऱ्याचे पुत्र आहेत. कर्ज काढून त्यांनी नौका घेतली, खलाशांना काम दिले आणि आता हप्त्याच्या ओझ्याखाली तेही अधिकाधिक खोल समुद्रात, अधिकाधिक जोखमीने जातात. दोन भावांत भांडण लावून प्रश्न सुटत नाही. समुद्र सर्वांचा आहे, म्हणूनच त्याला मर्यादा हव्यात. थोरल्याने धाकट्याच्या ताटातले उचलू नये, एवढाच त्या मर्यादेचा अर्थ आहे.

शेजारच्या गोव्याने हा संघर्ष आपल्या आधी पाहिला. तेथे रापणीला ‘रांपण’ म्हणतात. १९७० च्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्यावरची मासळी आटू लागली, तेव्हा गोव्याच्या रांपणकारांनी एकजूट उभारून दीर्घ लढा दिला. माथानी साल्ढाणा यांच्यासारखा शिक्षक त्यांच्या पाठीशी उभा राहिला. किनाऱ्यालगतचा समुद्र पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवण्याचे तत्त्व मान्य करून घेण्यात त्या लढ्याचा वाटा मोठा आहे. तरीही रापण तेथे फोफावली नाही. कारण समुद्रातील संकटाबरोबर किनाऱ्यावरचे संकटही आले. कित्येक प्रसिद्ध किनाऱ्यांवर खाटा, छत्र्या आणि उपाहारगृहांची अशी दाटी झाली की, होडी ओढून ठेवायला आणि जाळे ओढायला वाळू शोधावी लागते.

मासळी एकदा गेली की ती परत येईलच, याचा भरवसा नसतो. रापणीत येणाऱ्या तारलीचेच उदाहरण घ्या. केरळात २०१२ मध्ये तिचे उत्पादन चार लाख टनांच्या घरात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही खाली घसरले. समुद्राच्या बदलत्या हवामानाचा हा परिणाम असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. पुढे ती काहीशी सावरलीही. परंतु निसर्गाच्या लहरीने जो थवा आधीच क्षीण होतो, त्याची पिल्लेही आपण उपसून काढली तर त्याला सावरायला अवसर कोठून मिळणार?

पर्यटन हे उत्तर आहे काय?

यावर एक सोपे उत्तर सुचविले जाते. मासे मिळत नाहीत ना, मग पर्यटन करा. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे धावू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या पठारावर विमानतळ सुरू झाला, तो निवतीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला. जे गाव काल आडवाटेला होते, ते उद्या तसे राहणार नाही. रस्ता, वीज, रोजगार यांना नको म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपल्याला नाही. मुलाने मुंबईच्या चाळीत किंवा गोव्याच्या उपाहारगृहात राबण्यापेक्षा घरी राहून डॉल्फिन दाखवायला होडी काढावी, असे निवतीतील आईला वाटले तर तिचे काय चुकले?

परंतु पर्यटन दोन प्रकारचे असते. एकात गाव यजमान असते, दुसऱ्यात गाव केवळ पार्श्वभूमी असते. पहिल्या प्रकारात पाहुणा मच्छीमाराच्या घरात राहतो, त्याच्या घरचे जेवतो, पैसा त्या घरात जातो आणि मच्छीमार मच्छीमारच राहतो. दुसऱ्या प्रकारात जमीन आधी विकली जाते. मच्छीमार वस्त्यांचे दुर्दैव असे की, पिढ्यान्‌पिढ्या जेथे घर आहे, त्या जागेचा सातबारा अनेकदा घरमालकाच्या नावे नसतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. घर दुरुस्तीसाठी खेटे घालणाऱ्या मच्छीमाराला यातून दिलासा मिळावा, हे योग्यच. पण जमिनीचे कागद आणि भांडवल ज्यांच्यापाशी आधीच तयार आहे, त्यांनाच या सवलतीचा पहिला लाभ होतो, ही व्यवहाराची रीत आहे. मग कुंपण पडते, वाळूकडे जाणारी पायवाट बंद होते आणि ज्याच्या आजोबांनी येथे रापण ओढली, तो त्याच वाळूवर दुसऱ्याच्या हॉटेलात थाळ्या वाहू लागतो. कोणतेही काम हलके नसते. पण स्वतःच्या समुद्राचा धनी असलेल्या माणसाने स्वतःच्याच किनाऱ्यावर नोकर व्हावे, याला विकास म्हणवत नाही.

पहिला प्रकार अशक्य नाही, याचा दाखला कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे समुद्री कासवांची अंडी सर्रास उचलली जात. सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तेथेच जेवतात आणि पहाटे पिल्लांना समुद्राकडे जाताना पाहतात. अंडी विकून जे मिळत होते, त्याहून अधिक ती राखून मिळू लागले. यात प्राण्यावर दया होती, तशीच माणसाची सोयही होती. म्हणून ते टिकले. वेळासला जे कासवाने केले, ते निवतीला रापण करू शकेल. अट एकच: रापण जिवंत राहिली पाहिजे. हौशी पाहुण्यांसाठी तासाभराचा खेळ म्हणून रिकामे जाळे ओढून दाखविण्याची वेळ तिच्यावर येता कामा नये.

आपल्या हाती काय आहे?

शासनाकडे मागायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. गस्ती नौका वाढवाव्यात, एलईडीची सामग्री बंदरातच जप्त व्हावी, मच्छीमार वस्त्यांखालील जमिनी त्यांच्या नावे व्हाव्यात आणि होड्या ओढण्याची वाळू व तिच्याकडे जाणाऱ्या वाटा नकाशावर नोंदवून राखीव ठराव्यात. लोकप्रतिनिधीला हे प्रश्न केवळ किनाऱ्यावरच्या मतदारानेच विचारावेत, असे नाही. मासळी खाणारा पुणेकर, ठाणेकरही विचारू शकतो.

पण सारे शासनावर टाकून मोकळे होणे ही आपली परंपरा नव्हे. काही गोष्टी घरातून सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण हा मासळीच्या विणीचा काळ. या दोन महिन्यांत ताज्या मासळीचा हट्ट न धरणे, हे व्रत कठीण नाही. आपल्या पूर्वजांनी श्रावण पाळला, नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटली नाही. त्या श्रद्धेत विश्रांती घेणाऱ्या समुद्राविषयीची समज दडलेली होती. बाजारात बोटभर सुरमई किंवा पापलेटची पिल्ले दिसली, तर ती स्वस्त मिळतात म्हणून न घेणे, हेही आपल्या हातात आहे. विकत घेणारा नसेल, तर पकडणाराही दोनदा विचार करील.

आणि गावी गेल्यावर पाहुण्यासारखे वागावे. शक्य तो गावातील घरी उतरावे, भाव करताना समोरच्याच्या घरातील चूल आठवावी, सुकी मासळी आणि सोले गावच्या बाईकडून घ्यावीत. वाळत घातलेल्या जाळ्यावरून चालू नये, होडीला टेकून बाटल्या फोडू नयेत, गाडी वाळूवर नेऊ नये. मुलांना सोबत न्यावे आणि त्यांना किल्ला दाखवावा, तशी रापणही दाखवावी. बांगडा दुकानातल्या बर्फात जन्मत नाही. त्याच्यामागे चाळीस माणसांचे हात असतात, हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहू द्यावे. देशप्रेमाचे धडे पुस्तकात असतात. देश राबतो कसा, याचा धडा मात्र अशा ठिकाणीच मिळतो.

निवतीत रापण लागलेली दिसली, तर कॅमेरा बाजूला ठेवून दोरीला हात लावावा. कोणी अडवीत नाही. पहिल्या पाच मिनिटांत तळहाताची आग होते आणि वाळूत पाय ठरत नाहीत. तेव्हा पुढच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या पावलांकडे पाहावे आणि त्याच्या लयीत मागे सरावे. जाळे किनाऱ्याला लागल्यावर तो जे चार मासे हातावर ठेवील, ते नाकारू नयेत. तो त्या दिवसाचा आपला वाटा असतो. वाटा घेतला की गावाशी नाते जडते आणि नात्याबरोबर उत्तरदायित्व येते. किनाऱ्याला पाहणारे पुष्कळ मिळाले आहेत. आता हे उत्तरदायित्व मानणारी माणसे त्याला हवी आहेत.